कोंडाबाईंचा चहा

"मला चहा नको," शर्वाणीने हात जोडून सांगितलं आणि कोंडाबाईंचा चेहरा उतरला.

पाणी तपासणीच्या कामासाठी शर्वाणी सतत गावोगाव फिरायची. चाळिशीत दात सरळ करायचं मनावर घेतलं, तेव्हापासून ती दातांवर पारदर्शक अलायनर घालत होती. काही खाण्यापिण्याआधी ते काढायचे, नंतर धुऊन पुन्हा चढवायचे. परक्या घरात हे सगळं करायचा तिला संकोच वाटे. त्यापेक्षा चहाच नाकारणं सोपं होतं.

"मागच्या खेपेलाबी घेतला नाही तुम्ही," कोंडाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "आमच्या हातचं चालत नसंल, तर तसं सांगा. आमाला सवय हाय."

आजवर किती घरांतून आपण असं उठून आलो, हे शर्वाणीच्या आत्ता लक्षात आलं. पाठ न फिरवता तिने तोंडातून दोन्ही अलायनर काढले आणि हातरुमालावर ठेवले. "हे घालून गरम काही पिता येत नाही, मावशी. लोकांसमोर काढायची लाज वाटते, म्हणून नको म्हणत होते."

कोंडाबाई वाकून बघतच राहिल्या. "अगं बया! दाताला टोप्या?" म्हणत त्या खळखळून हसल्या आणि चुलीकडे वळल्या.

चहा झाल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं. "घे, चूळ भर आन् घाल परत."

"घालते नंतर," शर्वाणी म्हणाली. "आधी अजून अर्धा कप द्या."