सगळे एकदम बोलले

“सगळ्यांनी मोबाइलवर एकदम बोला. अगदी सर्व्हर पडेल इतकं!” मृण्मयी मंचावरून म्हणाली. शेजारी उभ्या रेवतीताईंनी ते हातांच्या खुणांनी सांगितलं. कर्णबधिरांच्या मेळाव्याने कऱ्हाडचं सभागृह गच्च भरलं होतं. मृण्मयी आणि गुवाहाटीचा प्रांजल कधी भेटले नव्हते. पण दोघांनी मिळून लिहिलेल्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या चॅट अ‍ॅपची आज परीक्षा होती. टिकलं, तरच मेळावा भरवणारी संस्था ते वापरणार होती.

संदेशांचा लोंढा आला आणि मृण्मयीच्या लॅपटॉपवरचं चॅट गोठलं.

“थांब, चूक सापडली,” त्याच लॅपटॉपवरच्या व्हिडिओ कॉलवरून प्रांजल म्हणाला. त्याने कोड सुधारला. “आता पुन्हा सांग त्यांना.”

या वेळी संदेश वाहतच राहिले. थट्टा, रुसवे, एक लग्नाची मागणीसुद्धा. सर्व्हर डगमगला नाही.

पण सभागृह चिडीचूप. पडद्यावरची नजर न काढता मृण्मयीने विचारलं, “ताई, आवडलं नाही का यांना?”

“अगं, वर तरी बघ!”

शेकडो हात उंच होऊन वाऱ्यातल्या पानांसारखे थरथरत होते.

“या त्यांच्या टाळ्या.”

मृण्मयीने लॅपटॉप उचलून सभागृहाकडे वळवला. पडद्यावर प्रांजलनेही दोन्ही हात उंच करून तसेच हलवले.