जगबुडीतली बाई

दुपारी बाराच्या सुमारास उन्नतीने टीव्हीवर सिनेमा लावला आणि आईला स्वयंपाकघरातून बोलावून शेजारी बसवलं. मनकर्णाबाई असले सिनेमे बघत नसे. पण पोरगी दोन दिवसांनी आज पहिल्यांदा बोलली होती, म्हणून ती हात पुसत आली.

पडद्यावर जग संपलं होतं. शहरं राखेखाली, नद्या कोरड्या. केस बारीक कापलेली एक बाई भलामोठा ट्रक चालवत होती. उन्नती सांगत होती, की पूर्वी अशा सिनेमांत बाई नुसती किंचाळायची. हीरो तिचा हात धरून पळायचा आणि ती हमखास ठेचकाळून पडायची. पुढे तिच्या हातात बंदूक आली, पण कपडे तंगच राहिले, लिपस्टिकही पुसली नाही. हिच्या अंगावर मात्र कारखान्यातल्यासारखी मळकी डांगरी आहे, आणि मागे बसलेले सगळे हिच्याच भरवशावर आहेत.

मनकर्णाबाई ऐकत राहिली.

आयटीआय झालेल्या उन्नतीला जामुलच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचं काम लागलं होतं. आज पाचपर्यंत हजर व्हायचं होतं. तिचा बाप फकिरा स्वतः तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये क्रेनवर. त्यानेच परवा तिचं नेमणुकीचं पत्र आणि सर्टिफिकेटं कपाटात टाकून कुलूप लावलं आणि चावी बायकोच्या हाती दिली. वर क्रेनच्या केबिनमध्ये एकटी पोरगी, खाली पन्नास माणसं, हे त्याला पटत नव्हतं. रविवारी कुम्हारी गावचे पाहुणे तिच्या लग्नाची बोलणी करायला येणार होते.

"आई, चाबी दे न," उन्नती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "अभी भी टाइम है."

मनकर्णाबाईने चावी बांधलेली पदराची गाठ मुठीत धरली. मग तिने विचारलं, की या बाईच्या घरचे कुठं आहेत. बाप, भाऊ, नवरा सगळे पहिल्याच वर्षी मेले, असं उन्नतीने सांगितलं.

"तेच म्हणतो मी," मनकर्णाबाई म्हणाली. "आधी सारे माणसं मेले, तेव्हा कुठं तिले गाडी चालवाले भेटली."

दोन वाजता फर्स्ट शिफ्ट सुटली होती. फाटकाशी फकिराची स्कूटर थांबली. मनकर्णाबाई गाठ न सोडताच उठली आणि तिने टीव्हीचा आवाज कमी केला.