दीप्तीच्या बिअरला किती स्टार?

अपूर्वने ग्लास उजेडाकडे धरला आणि नाक मुरडलं. नाक मुरडणं हा त्याच्या कामाचाच भाग होता.

"हे गढूळ आहे," तो म्हणाला.

"हेझी आयपीए हाय सर," दीप्ती म्हणाली. "गढूळच राहते ते. गाळत नाही आपण."

"ते मला शिकवू नका."

तीन वर्षं बंगळुरूत काढून आल्यापासून तो नागपुरी बोलत नसे. आजोळ काटोलचं, पण आता कुणी 'काहून' म्हटलं तरी दात आंबल्यासारखा चेहरा करी. धरमपेठेतल्या या ब्रूपबमध्ये त्याची खिडकीजवळची जागा ठरलेली. तो बिअर चाखून मोबाइलवर स्टार देई आणि ते चाळीस हजार माणसं वाचत. खाली बहुतेकांनी हसण्याची चित्रं टाकलेली असत. शहर आपल्या विनोदबुद्धीवर फिदा आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

दीप्ती इथली बिअर बनवायची. या खेपेला तिने संत्र्याची साल घालून हजार लिटरची टाकी लावली होती. अशी बिअर महिनाभरात खपली नाही, तर तिचा वास उडतो आणि मग तिला कुणी विचारत नाही.

"भैयाजी काय म्हणाले?" अपूर्वने मुद्दाम विचारलं. मालक भैयाजी मूळचे इतवारीतले भांड्यांचे व्यापारी. ते काउंटरवर बसून एक डोळा इकडेच ठेवून होते.

"म्हणाले, अपूर्व सर काय लिहिते ते पाहू. हेबी टाकी वाया गेली त तू घरी बस."

अपूर्वला बरं वाटलं. दुसऱ्याचं पोट आपल्या जिभेवर अवलंबून असलं की बिअरला निराळीच चव येते.

त्याने घोट घेतला. आधी संत्र्याचा वास, मग मऊसूत गोडवा, शेवटी सालीचा नेमका कडूपणा. बिअर झकास होती. त्याला याचाच राग आला, कारण चांगल्या वस्तूवर विनोद सुचत नाहीत. तरी त्याने मोबाइल काढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला.

"रंग, पाणी जास्त झालेल्या पिठल्याचा. वास असा, की काटोलच्या बसमध्ये शेजारचा संत्रं सोलतोय आणि तुम्हाला फोड देत नाहीये. चव म्हणजे बंद पडलेला हातपंप हापसल्यावर येतं ते पहिलं पाणी. पाचापैकी एक स्टार, तोही ग्लास स्वच्छ धुतला होता म्हणून."

शेजारच्या टेबलावरचे दोघं खदखदून हसले आणि त्यांनी तीच बिअर मागवली. मागे त्याने इथल्या काळ्या बिअरला डांबर म्हटलं होतं, तेव्हाही आठवडाभर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक माझा निकाल पडताळायला येतात, असं त्याने मित्रांना सांगितलं होतं.

आता ही रडेल, निदान गयावया करेल, म्हणून तो थांबला. दीप्तीने फडक्याने टेबल पुसलं.

"लई मस्त लिहिलं सर. टाका."

"वाईट नाही वाटलं?"

"नाही जी. जसं हाय तसंच टाका."

अपूर्वने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. पायात गमबूट, सालीने पिवळी पडलेली बोटं. सुळावर जातानाही मान ताठ! त्याला तिची कीव आली, आणि कुणाची कीव आली की त्याला स्वतःला फार थोर वाटू लागे.

"थांबा. मी बदलतो," तो म्हणाला. "भरपूर देतो."

"नको न सर!" तिने चक्क हात जोडले. "काहून बदलता? एकच राहू द्या."

केवढा हा स्वाभिमान! दया नको म्हणते. मग तर दाखवलीच पाहिजे, असं त्याला वाटलं. त्याने सगळे विनोद पुसले. 'नागपुरात मी प्यायलेली सर्वांत सुंदर बिअर' असं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, खरं लिहिलं. साडेचार स्टार दिले आणि ती मोबाइलकडे हात नेत असतानाच बटण दाबलं.

दीप्ती मटकन खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून वाहू लागले. अपूर्व मागे रेलून आभारांची वाट पाहू लागला.

शेजारच्या टेबलावरच्या एकाचा मोबाइल वाजला. त्याने अपूर्वचे साडेचार स्टार पाहिले, सोबत्याला दाखवले आणि वेटरला हाक मारून संत्र्याची बिअर रद्द केली.

भैयाजी काउंटरवरून उठून आले.

"हिच्या मागच्या बिअरले तुमी चार दिले होते सर," ते म्हणाले. "हजार लिटर नालीत ओता लागली आमाले."