खांद्याची सवय

पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या उजव्या खांद्यावर थेरपिस्टने पट्ट्या चिकटवल्या, तेव्हा व्हायोलिनवादक वामनरावांचे सगळे शिष्य पलंगाभोवती उभे होते. मालतीबाईंनीच नवऱ्याच्या शिष्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

“यंत्र स्नायूंना वीज देतं आणि हाताची सगळ्यात मुरलेली सवय आधी जागी करतं,” थेरपिस्ट म्हणाली. “काल एका गवंड्याचा हात गिलावा करायला लागला.”

“म्हणजे गुरुजींचा गज फिरणार!” सगळ्यांत थोरल्या शिष्याने, श्रीरंगने, मोबाइल सरसावला. मालतीबाई एकदा सुजलेला गाल घेऊन त्याच्याकडे गेल्या होत्या. ‘काकू, कलावंत माणूस आहे, सांभाळून घ्या,’ म्हणत त्याने त्यांना परत पाठवलं होतं.

थेरपिस्टने बटण दाबलं. हात गज ओढल्यासारखा फिरलाच नाही. तो खांद्याच्या वर उठला, पंजा उघडला आणि मालतीबाईंच्या दिशेने सणकन आला. त्यांनी खुर्ची आधीच वीतभर मागे घेतली होती. हात पुन्हा उठला, पुन्हा आला.

वामनरावांनी डोळे मिटून घेतले. श्रीरंगचा मोबाइल खाली आला.

“बंद करा ते,” तो पुटपुटला.

“बंद कशाला? रोज अर्धा तास द्यायचंय,” मालतीबाई म्हणाल्या. “कलावंत माणूस आहे, श्रीरंग. सांभाळून घे.”