शांत घर

मावशींनी तिसऱ्यांदा घंटा हलवली. जजसाहेबांनी मान वळवली नाही.

जजसाहेब दीड वर्षांचे. चटईवर फतकल मारून ते एका ताटलीतले लाकडी गोळे दुसऱ्या ताटलीत ठेवत होते, आणि चेहरा असा की आता शिक्षाच सुनावणार. हे नाव मावशींनीच त्यांना ठेवलेलं. आज मात्र मावशींना हसू येईना. पाठीमागे हातभर अंतरावर घंटा वाजते आणि मूल दचकत नाही, याचा अर्थ त्यांना चांगला कळत होता.

तीस वर्षं त्या आपल्या राहत्या घरात पाळणाघर चालवत होत्या. घर कसलं, सगळा बुटक्यांचा कारभार! फडताळं गुडघ्याएवढी, आरसा जमिनीला टेकलेला, खुंट्या अशा की नुकतं उभं राहायला लागलेलं पोरही आपली टोपी आपणच काढेल. पाणी ओतायला खरा पेला, वाजवायला खरी पितळी घंटा. लुटुपुटूचं काही नाही. शिकवायचं ते हातांनी करून दाखवायचं, सावकाश आणि तोंड बंद ठेवून. मूल एक तर हात बघेल, नाहीतर बोलणं ऐकेल. आणि कामात रमलेल्या मुलाला हाक मारायची नाही म्हणजे नाही. म्हणून तर आज परीक्षेसाठी त्यांनी घंटा घेतली होती.

घर अतिशय शांत असायचं आणि त्या शांततेचा मावशींना भारी अभिमान. अलीकडे तर मुलं रडेनाशीच झाली होती. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर तेवढे कुरकुरायचे. पूर्वी वर येऊन दार ठोठावायचे, हल्ली दाराखालून चिठ्ठ्या सरकवत. 'दिवसभर रडारड. कुणी लक्ष देतं का?' मावशी चिठ्ठीचा बोळा करून टाकत. रिकामटेकडा माणूस, दुसरं काय!

त्यांनी जजसाहेबांची वही पुन्हा उघडली. प्रत्येक मुलाचं जे दिसेल ते रोज दोन ओळींत टिपायचं, ही त्यांची जुनी शिस्त. पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं, 'रडतो. तोंड उघडतं, डोळे भरतात, आवाज मात्र जेमतेम.' तिसऱ्या आठवड्यात, 'चटईखाली पितळेची बोराएवढी गोळी सापडली. पडद्याच्या दांडीची असावी. तोंडात घालतील म्हणून वरच्या डब्यात ठेवली.' पाचव्यात, 'आता रडत नाही. काम करत राहतो.' या ओळीखाली त्यांनी कौतुकाने रेघ मारली होती. कालची नोंद अशी, 'मधेच काम सोडून आतल्या खोलीत तान्ह्या बाळापाशी जाऊन बसतो. का, कळत नाही.'

आज त्यांनी लिहिलं, 'घंटेला वळत नाही.' आणि वही मिटली.

पाच वाजता जजसाहेबांची आई आली. ती शिवणकारखान्यात कामाला होती. दिवसभर मशिनींच्या गोंगाटात राहून तिचा आवाज खणखणीत झाला होता. मावशींना ती आवडायची. बाकीची आईबापं हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.

दारातच तिने आतल्या खोलीकडे बघितलं. "मावशी, ते बाळ..."

"झोपलंय ते. तू आधी बस."

मावशींचा चेहरा बघून तिने चपला तिथेच सोडल्या. "काय झालं? पडला का हा?"

"पडला नाही. त्याला कानाच्या डॉक्टरांकडे ने. पोराला ऐकू येत नाही."

आई जजसाहेबांकडे वळली. "असं कसं? घरी हाक मारली की येतो तो!"

"तुला बघून येतो. अशी माणसं डोळ्यांनी ऐकतात गं. समोरच्याचे ओठ बघतात, तोंडावरून ओळखतात. घरातल्यांनासुद्धा पत्ता लागत नाही."

"आणि इथे यायचं म्हटलं की घर डोक्यावर घेतो ते?"

"ओरडता सगळ्यांनाच येतं."

आईला रडू फुटलं. "मी मेली दिवसभर मशिनीवर. माझ्या लक्षात यायला नको होतं?"

मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बोलायला शिकण्याचं वय हातातून निसटत होतं आणि गेलेले महिने कुणी परत देणार नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेल्या मुलाबद्दल आपल्याला एवढंही कळू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"माझ्यासमोर वाजवा," आई डोळे पुसत म्हणाली. "मला बघू दे."

मावशी जजसाहेबांच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी घंटा चांगली दोनदा हलवली. जजसाहेबांनी एक गोळा उचलून दुसऱ्या ताटलीत ठेवला.

"वाजवा ना," आई म्हणाली.

"वाजवली की. नाजूक आवाज आहे तिचा. कान देऊन ऐकावं लागतं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने त्यांच्या हातातली घंटा घेतली आणि उलटी करून त्यांच्यापुढे धरली. आत लोलकाची पितळी गोळीच नव्हती, नुसती रिकामी कडी होती.

मावशी त्या कडीकडे बघत असतानाच जजसाहेब उठले. हातात एक लाकडी गोळा घेऊन ते डुलत डुलत आतल्या खोलीत गेले. आईची नजर त्यांच्या मागोमाग गेली, आणि सगळ्यांत शेवटी मावशींनी वळून बघितलं. आत जमिनीवरच्या गादीवर तान्हं बाळ मुठी आवळून, तोंड वासून, लालनिळं होऊन रडत होतं, आणि त्या घरात हे एकट्या मावशींनाच माहीत नव्हतं.