तिळाएवढा स्क्रू

दवाखान्याच्या बाकावर घड्याळजी ताईचं बंद पडलेलं घड्याळ उघडून बसला. “तुला अख्खं मूत्रपिंड दिलं, निदान एवढं तरी दुरुस्त कर,” ती म्हणाली. शरीराने ते परकं ठरवून हाकलू नये म्हणून त्याला रोज दोनदा ठरल्या वेळी गोळ्या होत्या. त्या गोळ्यांमुळे हात थरथरायचे आणि गिऱ्हाइकं घड्याळं परत न्यायची. आत्ताच डॉक्टरांनी विचारलं होतं, “मूत्रपिंड कुरकुरतंय. गोळ्या चुकवता का?” “एकही नाही,” त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. आता त्याने तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरला आणि पहिल्याच प्रयत्नात बसवला. काटा चालू लागला. ताई कौतुकाने हसली, मग त्याच्या बोटांकडे बघतच राहिली. “थरथर कधीपासून थांबली रे?” त्याने घड्याळ पुढे केलं. ताईने ते घेतलं नाही. एक हात बरगडीखालच्या व्रणावर ठेवून तिने डॉक्टरांचं दार पुन्हा ठोठावलं.