कोपऱ्यातलं स्टूल

मराठीच्या तासाला कन्नड बोललं की कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, हा भाग्यलक्ष्मीबाईंचा नियम. सातवीतली मथुरा जूनमध्ये एकदा तिथं बसली आणि त्यानंतर वर्गात तिनं तोंडच उघडलं नाही. सहामाहीच्या शेऱ्यात बाईंनी लिहिलं, 'मुखदुर्बळ.' दसऱ्याला हीच मुलगी बन्नीच्या पानांचं सोनं द्यायला मळमड्डी भागात बाईंच्या घरी आली आणि उसात शिरलेल्या हत्तीची गोष्ट निम्मी कन्नडात, निम्मी मराठीत तासभर सांगत बसली. मुखदुर्बळ कसली! बाईंनी पुढच्या सहामाहीची आखणी तिथंच बदलली. सुट्टीनंतरच्या पहिल्याच तासाला त्या खणखणीत कन्नडात म्हणाल्या, "मथुरा, आनी कथी हेळव्वा, तीच हत्तीची गोष्ट." वर्ग ओरडला, "बाई, स्टूल!" बाई ऐटीत कोपऱ्यात जाऊन बसल्या. "आता तास मथुराचा. ती सांगेल ते मराठीत लिहायचं." मथुरा खुर्चीपाशी आली, बाईंकडे बघत म्हणाली, "पहिलं सरळ बसा, बाई."